हवेची धांव : जॉन बॉइड डनलॉप ह्यांचें चरित्र

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी तापवून चढवितात तिला आपल्याकडे धांव म्हणतात. धांव नसली तर चाकाचें लांकूड झिजून जाईल, आणि ती असल्यामुळें गाडींत बसणाराचीं हाडें खिळखिळीं होतात. आतां साखर कारखान्याच्या वाटेवर उंसाच्या ज्या गाड्या दिसतात त्यांपैकीं पुष्कळांस लोखंडी धांव नसून हवेनें भरलेलीं रबरी चाकें असतात. आपण तिला टायरगाडी म्हणतों. उत्तर हिंदुस्थानांत शेतकरी अशा गाडीस नुसतें डनलप म्हणतात. कित्येक घरांत मऊ गादीलाही डनलपची गादी म्हणण्याची चाल आहे. परंतु हें एका मनुष्याचें नांव होतें, तो मनुष्य धंद्यानें गुरांघोड्यांचा वैद्य होता, आणि ज्या शोधाबद्दल त्याचा लौकिक झाला त्या शोधाची सनद त्याच्या हयातींतच रद्द ठरली होती, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. ह्या गृहस्थांची हकीकत यंदा आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी असें आम्हीं योजिलें आहे.

जॉन बॉइड डनलॉप ह्यांचा जन्म ता. ५ फेब्रुवारी १८४० रोजीं स्कॉटलंडांतील एअरशायर परगण्यांत ड्रेगहॉर्न नांवाच्या खेड्यांत झाला. घराणें शेतकऱ्यांचें. मूल दिवस भरण्यापूर्वीं दोन महिने जन्मास आलेलें असल्यामुळें ह्याची प्रकृति नाजूक, ह्यानें जपून राहिलें पाहिजे, असें आईबापांनीं ठरवून टाकिलें, आणि ती समजूत मुलाच्याही मनांत कायमची बसली. डनलॉप जन्मभर प्रकृतीस जपून वागले व ८१ वर्षें जगले. आईबापांची काळजी अनाठायीं होती कीं तिच्याच योगानें एवढें आयुष्य लाभलें, हा निर्णय पालकांनींच करावा.

एडिंबरो येथील पशुवैद्यकाच्या विद्यालयांत शिकून ते अवघ्या १९ व्या वर्षीं परीक्षा उतरले. कांहीं वर्षें त्यांनीं त्याच शहरीं धंदा केला, आणि १८६७ सालीं ते समुद्र ओलांडून आयर्लंडांत गेले. तेथें डाउनपॅट्रिक येथें आपले बंधु जेम्स ह्यांजबरोबर त्यांनीं दवाखाना काढिला व पुढें बेलफास्ट शहरांत मे स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर आपलें ठाण मांडिलें. १८७१ सालीं मार्गारेट स्टीव्हन्सन ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. एक मुलगी व एक मुलगा अशीं दोन अपत्यें झालीं. घोड्यांवांचून कोणाचेंच चालत नसे असा तो काळ. डनलॉप ह्यांचा धंदा चांगलाच वाढला व त्यांच्या पदरीं पुष्कळ नालबंद कामास असत. वयाची पंचेचाळिशी उलटेपर्यंत त्यांच्या हातून जगानें दखल घ्यावी असें कांहींच घडलें नव्हतें. ते शांत स्वभावाचे, दाढी राखलेले, आपलें काम बरें कीं आपण बरे, असे सुखवस्तु गृहस्थ होते.

त्या वेळीं बेलफास्टचे पुष्कळ रस्ते दगडाच्या घडीव चिऱ्यांनीं बांधलेले असून त्यांतून ट्रामचे रूळ गेलेले होते. असे रस्ते झिजावयास कठीण खरे, परंतु दोन चिऱ्यांमधल्या प्रत्येक फटींत चाक आपटे. डनलॉप ह्यांचा मुलगा जॉनी १८८७ सालीं नऊ-दहा वर्षांचा होता व त्याच्यापाशीं एक तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांस भरींव रबराच्या अरुंद पट्ट्या बसविलेल्या होत्या. भरींव रबर लोखंडापेक्षां मऊ, पण तें दबतें फार थोडें. दगडाचा उंचवटा चाकाखालीं आला कीं सबंध चाक, गाडी व तीवर बसलेला मुलगा हीं सर्वच वर उचललीं जातात आणि पुन्हां खालीं आदळतात. ह्यांत बसणारास त्रास होतो एवढेंच नव्हे, तर पायांनीं लावलेली शक्ति पुढें जाण्याऐवजीं वर उडण्यांत खर्चीं पडते. मुलाची कुरकुर होती ती धक्क्यांविषयीं. बापाच्या मनानें हा दुसरा मुद्दाही धरिला. मुलाच्या बुडाखालीं गादी घालावी हें कोणाही प्रेमळ बापास सुचलें असतें. गादी चाकाखालीं घालावी, आणि तीही हवेची, हें ह्या पशुवैद्यास सुचलें.

त्यांनीं लांकडाची एक वाटोळी तबकडी घेतली. रबराच्या पातळ पत्र्याची नळी करून ती तबकडीच्या कडेभोंवतीं बसविली, वरून कापडाची पट्टी खिळ्यांनीं ठोकली, आणि फुटबॉल फुगविण्याच्या पंपानें नळींत हवा भरली. मग सायकलचें भरींव रबराचें चाक व ही तबकडी अंगणांत एकामागून एक हातानें लोटून पाहिलीं. भरींव चाक अंगणाच्या दुसऱ्या टोंकास पोंचण्यापूर्वींच मंद होऊन आडवें पडलें. हवेचें चाक सबंध अंगण तुडवून पलीकडच्या दारावर जाऊन आदळलें व उलट उसळलें. ह्या प्रयोगास ना प्रयोगशाळा लागली ना मोजमापाचें यंत्र. दोन चाकें, एक अंगण, आणि दोहोंस सारख्याच जोरानें लोटण्याचा प्रामाणिकपणा एवढीच सामुग्री. आमच्या शास्त्राच्या वर्गांतील मुलांनीं ही गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे. कारण दोन वस्तूंची तुलना करितांना बाकी सर्व सारखें ठेवणें हें फार जणांस जमत नाहीं.

पुढें त्यांनीं त्याच सायकलच्या मागल्या दोन चाकांस हवेच्या धांवा करून बसविल्या. ता. २८ फेब्रुवारी १८८८ च्या रात्रीं, रस्त्यावर वर्दळ नसतां, जॉनी ती घेऊन बाहेर पडला. फेरी मारून आल्यावर बापानें रबर तपासलें. त्यास कोठें इजा झालेली नव्हती. त्याच सालच्या २३ जुलैस त्यांनीं सनदेसाठीं अर्ज केला व ७ डिसेंबर रोजीं ती त्यांस मिळाली.

बेलफास्टांतील एडलिन नांवाच्या सायकल-कारखानदारांनीं अशा धांवांच्या सायकली बनविण्यास आरंभ केला. पाहणारे लोक ह्या लठ्ठ चाकांची यथेच्छ थट्टा करीत. ती थट्टा ता. १८ मे १८८९ रोजीं थांबली. त्या दिवशीं बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर शर्यती होत्या. विल्यम ह्यूम नांवाचा एक स्थानिक सायकलपटु हवेच्या धांवांची सायकल घेऊन उतरला आणि आपल्या चारही शर्यती त्यानें जिंकिल्या. हरलेल्यांमध्यें डब्लिनचे कागदाचे व्यापारी विल्यम हार्वे ड्यू क्रो ह्यांचे पुत्र होते. ड्यू क्रो ह्यांस सहा मुलगे असून घरांत खेळांचा मोठा नाद होता. मुलगे हरले म्हणून बाप चिडला नाहीं. ज्या चाकांनीं त्यांस हरविलें त्या चाकांची त्यानें चौकशी केली, आणि त्याच सालीं त्याच्या पुढाकारानें डब्लिन येथें ह्या धांवा बनविण्यासाठीं कंपनी स्थापन झाली. डनलॉप ह्यांनीं आपले हक्क कंपनीस देऊन कांहीं भाग घेतले.

येथवर ही गोष्ट एखाद्या यशस्वी पुरुषाच्या गोष्टीसारखी सरळ चालली. १८९० सालीं मात्र डनलॉप ह्यांस असें कळविण्यांत आलें कीं त्यांची सनद ग्राह्य नाहीं. कारण हवेनें भरलेल्या धांवेचा शोध पूर्वींच लागलेला असून त्याची नोंद सरकारदप्तरीं आहे. दप्तर काढून पाहतां तें खरें ठरलें. स्कॉटलंडांतीलच स्टोनहेवन गांवचा रॉबर्ट विल्यम टॉमसन ह्यानें १८४५ सालीं, म्हणजे डनलॉप पांच वर्षांचें मूल होते तेव्हां, हीच कल्पना सनदेंत नमूद केली होती. टॉमसनचें वय त्या वेळीं अवघें २३ वर्षांचें. १८४७ सालीं त्यानें लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें घोड्याच्या गाड्यांस अशीं चाकें लावून लोकांस दाखविलींही होतीं. आंत रबर चढविलेल्या कापडाची नळी व वर कातड्याचें आवरण असा तो घाट होता, आणि त्याच्या चाकांचा एक संच सुमारें १२०० मैल चालला. परंतु त्या काळीं रबराचें पातळ कापड महाग व दुर्मिळ होतें, सायकली निघाल्या नव्हत्या, आणि घोड्याच्या गाडीच्या मालकास धक्क्यांची संवय झालेली होती. मागणी नाहीं असें पाहून टॉमसन दुसऱ्या उद्योगांकडे वळला व १८७३ सालीं वारला. त्याची सनद दप्तरांत धूळ खात पडली.

डनलॉप ह्यांनीं टॉमसनची कल्पना चोरली असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं. तें नांवही त्यांच्या कानीं आलेलें नव्हतें असें त्यांचें सांगणें होतें, व तें मानावयास हरकत दिसत नाहीं. तथापि कायद्याच्या दृष्टीनें प्रथम नोंद करणाराचाच मान खरा, आणि तो मेलेल्या मनुष्याच्या वांट्यास गेला. आमच्या मतें दोघांचाही मान खरा आहे. टॉमसनला गोष्ट आधीं दिसली; डनलॉप ह्यांच्या हातून ती लोकांच्या उपयोगीं पडली. ज्या वर्षीं सायकल गरिबाच्या आवांक्यांत येऊं लागली त्याच सुमारास ती जन्मास आली, हें डनलॉप ह्यांचें दैव.

सनद गेल्यावर कंपनी बुडावयाची, ती बुडाली नाहीं. ह्याचें कारण असें कीं मूळच्या डनलॉप धांवेंत दोन मोठीं व्यंगें होतीं, आणि त्यांवरील उपाय ड्यू क्रो ह्यांनीं हस्तगत केले. पहिलें व्यंग हें कीं धांव चाकाच्या कडेस चिकटविलेली असे. कांटा रुतला तर सगळें आवरण उकलून पुन्हां चिकटवितां चिकटवितां तासचे तास जात. १८९० सालीं वेल्च नांवाच्या इंग्रजानें आवरणाच्या कांठांत तार घालून तें चाकाच्या खोबणींत बसविण्याची युक्ति काढिली, व त्याच सालीं बार्टलेट नांवाच्या गृहस्थानें त्याच हेतूनें निराळी एक युक्ति काढिली. कंपनीनें दोन्ही विकत घेतल्या. दुसरें व्यंग हवा आंत कोंडून ठेवण्याचें. त्यावर १८९१ च्या सुमारास वुड्स नांवाच्या गृहस्थानें जी झडप केली ती अद्यापि आपल्या साध्या सायकलींस असते, आणि नवल असें कीं जगांत तिला डनलॉप झडपच म्हणतात. ज्याचें श्रेय डनलॉप ह्यांस होतें तें कायद्यानें काढून घेतलें, आणि जें दुसऱ्याचें तें लोकांनीं त्यांच्या नांवें लाविलें.

ह्या झडपेची रचना थोडी सांगतों, कारण ती ज्यांच्या रोजच्या वापरांत आहे अशा मुलांसही पुष्कळदां ठाऊक नसते. पितळेच्या एका पोकळ दांड्याच्या बाजूस बारीक भोंक असतें व त्यावर रबराची अरुंद नळी ताणून चढविलेली असते; हिलाच सायकलच्या दुकानांत वॉल-ट्यूब म्हणतात. पंपाची हवा दांड्यांतून येऊन भोंकातून बाहेर पडूं पाहते, रबराला किंचित् उचलते व ट्यूबमध्यें शिरते. पंप थांबला कीं आंतली हवा त्याच रबरास बाहेरून दाबून धरिते आणि भोंक बंद होतें. जी हवा कोंडावयाची तिच्याच दाबानें दार लागतें, ही त्यांतील खुबी. रबर जुनें होऊन चिरलें कीं हवा हळू हळू जाते व मुलगा निष्कारण पंक्चर शोधीत बसतो. ट्यूब परातींतल्या पाण्यांत बुडविण्यापूर्वीं झडपेच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा. बुडबुडा फुगला तर दोष झडपेचा. मग चाक खोलावें लागत नाहीं. वॉल-ट्यूबचा नवा तुकडा पाण्यानें ओला करून भोंक पूर्ण झांकेल इतका वर सरकवावा, म्हणजे काम झालें.

मोटारीस ही झडप पुरत नाहीं. मोटारीच्या चाकांत जी झडप असते ती न्यूयॉर्क येथें स्थाईक झालेल्या ऑगस्ट श्रेडर नांवाच्या जर्मनाच्या कारखान्यांतली असून तिची सनद १८९३ सालची आहे. तींत वॉल-ट्यूबऐवजीं एक बारीक पिन, तिला वर ओढून धरणारी स्प्रिंग व रबराची इवलीशी चकती असते. पिन दाबली कीं हवा सुटते, सोडली कीं चकती दार लाविते. हिच्यांतून हवा जाण्याचीं कारणें तीन. आंतली पिन सैल झालेली असते, तेव्हां ती खांचेच्या किल्लीनें किंचित् आंवळावी. फार आंवळल्यास चकती चिरडते. किंवा चकतीवर वाळूचा कण बसतो, तेव्हां पिन दोन-चार वेळां दाबून हवेच्या झोतानें तो उडवावा, आणि न गेल्यास पिन बदलावी. ती अत्यंत स्वस्त वस्तु आहे. तिसरें कारण झडपेची रबरी दांडी मुळाशीं चिरलेली असणें. साबणाचा फेंस तोंडावर न येतां बुडाशीं येतो तो ह्यामुळें, आणि तेथें टायर उतरवून दांडीच बदलावी लागते, दुसरा उपाय नाहीं. झडपेवरचें टोपण शोभेसाठीं आहे असा समज आमच्या शाळेच्या सायकली ठेवण्याच्या छपरांत फार प्रचलित दिसतो. तें धूळ व चिखल ह्यांस अटकाव करण्यासाठीं आहे.

हवा कमी झाली तर काय बिघडतें, असें कोणी पालक विचारतील. मोटार ताशीं १०० किलोमीटर वेगानें चालत असतां चाक मिनिटास आठशेंहून अधिक वेळां फिरतें. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यांत टायरच्या बाजू दुमडतात व उलगडतात, आणि लोखंडाची तार वारंवार वांकविली असतां जशी तापते तसे ते तापतात. उन्हाळ्याचे दिवस, सिमेंटचा तापलेला रस्ता व न थांबतां चाललेला लांबचा प्रवास हीं एकत्र आलीं म्हणजे टायर फुटतो. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्गावर अशा रीतीनें टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आमच्या वाचकांनीं वाचल्याच असतील.

म्हणून अलीकडे हवेवर पहारा ठेवणारीं यंत्रें निघालीं आहेत. १९८६ सालीं पोर्शे कंपनीच्या एका मोटारींत तें प्रथम आलें. पुढें अमेरिकेंत टायर फुटून पुष्कळ माणसें दगावल्यावर २००० सालीं तेथें कायदा झाला, व २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारींत तें सक्तीचें झालें. युरोपांत २०१४ पासून. हें यंत्र दोन जातींचें असतें. एका जातींत चाकाच्या आंत, बहुधा झडपेच्या आंतल्या टोंकासच, एक लहानसा सेन्सर जडविलेला असतो. त्यांतील सिलिकनचा अत्यंत पातळ पडदा हवेच्या दाबानें वांकतो, वांकला कीं त्याचा विजेस होणारा विरोध बदलतो, आणि तो बदल मोजून सेन्सर आपला क्रमांक व दाब बिनतारी संदेशानें चालकाकडे पाठवितो. गाडी उभी असली म्हणजे तो बॅटरी वांचविण्यासाठीं बहुतेक झोंप घेतो. बॅटरी आंत कायमची बंद केलेली असल्यामुळें, सात ते दहा वर्षांनीं ती संपली कीं सगळा सेन्सरच बदलावा लागतो. दुसऱ्या जातींत चाकांत कांहींच नसतें. ब्रेकच्या यंत्राकडून चारही चाकांचे फेरे मोजले जातात. हवा कमी झालेलें चाक किंचित् लहान होतें, म्हणून तेवढ्याच अंतरास तें जास्त फेरे घेतें, आणि तो फरक पकडला जातो. ही युक्ति स्वस्त व सुंदर आहे. परंतु चारही चाकांतली हवा सारखीच उतरली तर तिला तें सहसा ओळखतां येत नाहीं.

दोहोंचीही खूण एकच. चालकासमोर पिंवळा दिवा लागतो, त्यांत टायरचा आडवा छेद व मध्यें उद्गारचिन्ह असतें. तो छेद पाहून पुष्कळांस घोड्याच्या नालाची आठवण होते. डनलॉप ह्यांच्या नालबंदांस तो पाहून मौज वाटली असती. पण एक हिशेब मुलांनीं करून पाहावा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणें दाब ठरलेल्या मानापेक्षां शेंकडा २५ नें उतरला म्हणजे दिवा लागलाच पाहिजे. ज्या टायरांत दर चौरस इंचास ३२ पौंड दाब हवा, त्याचा दिवा २४ पौंडांवर लागला तरी यंत्र निर्दोष समजावयाचें. मग २६ पौंडांवर चाललेला टायर धोक्याच्या वाटेस लागलेला असूनही दिवा गप्प राहूं शकतो. महिन्यांतून एकदां, गाडी रात्रभर उभी राहून चाकें थंड असतां, साध्या मापकानें दाब मोजणें त्यामुळें चुकत नाहीं. चाक तापलें कीं दाब वाढलेला दिसतो. उष्णता साडेपांच अंश सेल्सियसनें वाढली तर सुमारें एक पौंड.

सेन्सरच्या झडपेस पुष्कळदां ॲल्युमिनमची दांडी असते, तींत साधी पितळेची पिन घालूं नये. दोन निरनिराळ्या धातू ओलाव्यांत एकत्र आल्या म्हणजे त्यांत गंज धरतो, पिन जखडते, आणि ती काढावयास गेलें तर दांडी तुटते. निकेलचा मुलामा दिलेली पिन व प्लॅस्टिकचें टोपण हेंच तेथें योग्य. टायर बदलतांना ह्या दांडीच्या बुडाचा रबरी वेढा व चकतीही नवी घालावयास दुकानदारास सांगावें. आपल्याकडे २०२० सालच्या नियमान्वयें, लहान मोटारींत असें यंत्र व पंक्चर दुरुस्तीचें साहित्य असेल तर जादा चाक बाळगण्याची सक्ति राहिलेली नाहीं. तेव्हां ज्यांच्या गाडींत जादा चाक नाहीं त्यांनीं तर ह्या गोष्टी माहीत करून घ्याव्याच.

असो, वुड्सच्या झडपेवरून आम्ही फार दूर आलों. आतां डनलॉप ह्यांच्याकडे परत वळूं. कंपनी वाढत चालली, पण तिच्या कारभारांत त्यांचें मन रमलें नाहीं. १८९५ सालीं ते तींतून निवृत्त झाले. पुढच्याच सालीं ड्यू क्रो ह्यांनीं ती कंपनी तीस लक्ष पौंडांस विकली, आणि घेणारानें ती लोकांपुढें पन्नास लक्षांची म्हणून मांडिली. ह्या डोळे दिपविणाऱ्या सौद्यांत मूळ कल्पकाच्या हातीं मोठेंसें घबाड लागलें नाहीं. ते डब्लिनमध्यें राहूं लागले व तेथें कापडाच्या एका मोठ्या दुकानांत त्यांचा संबंध होता. दाढीवाल्या ह्या साध्या गृहस्थाचा चेहरा मात्र कंपनीच्या जाहिरातींत झळकत राहिला, आणि तोही उंच टोपी, पांढरा जाकीट, एका डोळ्याची कांच व काखेंत छडी अशा छानछोकी पोशाखाच्या धडावर बसविलेला. म्हाताऱ्यास ही थट्टा सहन झाली नाहीं. आपल्याच नांवाच्या कंपनीविरुद्ध त्यांनीं न्यायालयांत दाद मागितली व तें प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें. पैशासाठीं न भांडलेला मनुष्य चेहऱ्यासाठीं भांडला, ह्यांत आम्हांस तरी कांहीं गैर दिसत नाहीं.

ता. २३ ऑक्टोबर १९२१ रोजीं डब्लिन येथें त्यांचें देहावसान झालें व डीन्स ग्रेंज येथील स्मशानभूमींत त्यांस पुरण्यांत आलें. हवेच्या धांवेचा इतिहास त्यांनीं लिहून ठेविला होता. तो त्यांच्या कन्येनें १९२४ सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्या नांवाच्या कंपनीनें १९३६ सालीं बंगाल्यांत हुगळीच्या कांठीं साहागंज येथें टायरांचा कारखाना काढिला. तो पुष्कळ वर्षें चालून पुढें बंद पडला. उत्तर आयर्लंडांतील एका बँकेनें दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचें चित्र छापलें, त्यांत दाढी आहे, छडी नाहीं. १८८८ सालीं त्यांनीं केलेली हवेची एक धांव एडिंबरोच्या संग्रहालयांत, ज्या शहरीं ते घोड्यांचें वैद्यक शिकले तेथेंच, जतन करून ठेविलेली आहे.